दुपारी बाराचा रिपोर्ट: जहाजाच्या इंधनाचा हिशेब डेटातून काढताना

जहाज कुठल्याही समुद्रात असो, त्याच्या घड्याळात दुपारचे बारा वाजले की थोड्याच वेळात ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, एक ईमेल निघतो. हा नून रिपोर्ट. अक्षांश-रेखांश, काल बारापासून कापलेलं अंतर, चालण्याचे तास, सरासरी वेग, इंजिनाचे आरपीएम, स्लिप (प्रोपेलरच्या फेऱ्यांनुसार जायला हवं त्यापेक्षा जहाज किती कमी गेलं), पुढचा-मागचा ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसलंय), ब्युफोर्ट स्केलवर वाऱ्याचा जोर, समुद्राची स्थिती, मेन इंजिन, जनरेटर आणि बॉयलरने जाळलेलं इंधन, आणि टाक्यांत उरलेलं इंधन म्हणजे आरओबी. वरचा भाग सेकंड मेट भरतो, इंधनाचा भाग चीफ इंजिनिअर भरतो, कॅप्टन बघून पाठवतो. अंधेरी, पवई, बेलापूरच्या ऑफिसांत बसून जहाजं सांभाळणाऱ्या लोकांचा दिवस याच ईमेलने सुरू होतो.

शिपिंग कंपनीत बिझनेस इंटेलिजन्स आणायचं ठरलं की सहसा सुरुवात डॅशबोर्डपासून होते. जगाचा नकाशा, त्यावर हलणारी जहाजं, लाल-हिरवे गोल. ते बघायला छान असतं, पण त्या गोलांचे रंग नून रिपोर्टमधल्या वीसेक आकड्यांवर ठरतात, आणि ते आकडे जसे येतात तसे वापरण्याजोगे नसतात. म्हणून आधी रिपोर्ट साफ करा, मग डॅशबोर्डला हात लावा. आणि साफ केलेल्या आकड्यांतून जे कळेल ते जहाजाला परत कळवा. ही दुसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहूनच जाते.

दिवस चोवीस तासांचा नसतो

सगळ्यात महाग चूक इथेच होते. जहाज पूर्वेला जात असलं की घड्याळं पुढे केली जातात, म्हणजे बारा ते बारा हा दिवस तेवीस तासांचा होतो. पश्चिमेला जाताना तो पंचवीस तासांचा होतो. एक बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज, १४ नॉटने (तासाला १४ सागरी मैल) पूर्वेला चाललंय असं धरा. घड्याळ पुढे केलं त्या दिवशी ते २३ तासांत ३२२ सागरी मैल कापतं. कोणी एक्सेलमध्ये सरळ २४ ने भागलं तर वेग १३.४ नॉट दिसतो. टाइम चार्टरमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जहाज भाड्याने देण्याच्या करारात, वेगाच्या वॉरंटीला 'अबाउट' हा शब्द असतो आणि त्याची सूट बहुधा अर्ध्या नॉटची धरतात. म्हणजे जहाजाने काहीही वाईट केलेलं नसताना ते वॉरंटीखाली गेलं आणि चार्टररला, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याला, क्लेम करायला जागा मिळाली. उलट पश्चिमेच्या प्रवासात जहाज आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं आणि तळाला धरलेलं शेवाळ त्यामागे झाकलं जातं.

उपाय सोपा आहे, फक्त शिस्त लागते. रिपोर्टमध्ये स्थानिक वेळेशेजारी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) वेळेचा रकाना सक्तीचा करा आणि तास कधीही टाइप करून घेऊ नका. दोन रिपोर्टांच्या यूटीसी वेळांच्या वजाबाकीतून ते सिस्टमने काढावेत. वजाबाकी २३ ते २५ च्या बाहेर गेली की रिपोर्ट थांबवून ठेवा. त्यामागे दोन-तीनच कारणं असतात. मधे डिपार्चर किंवा अरायव्हल रिपोर्ट आहे आणि दिवसाचे तुकडे झालेत, किंवा आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तारीख चुकली, किंवा कोणीतरी ऑफसेटचं, म्हणजे यूटीसीपासूनच्या फरकाचं, चिन्ह उलटं टाकलं. भारतीय किनाऱ्यावर साडेपाच तासांचा ऑफसेट असतो. तो अर्धा तास काही सिस्टम पूर्णांकात बसवतात, आणि मग प्रत्येक भारतीय बंदराच्या वेळा अर्ध्या तासाने सरकतात. लेटाइमच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यासाठी ठरलेल्या मुदतीच्या, हिशेबात अर्धा तासही पैशांत मोजला जातो.

तारखेचं तेच. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे जहाजावरच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगवर सोडू नका. महिना अक्षरांत लिहून घ्या.

स्थान आणि अंतर

जहाजावर स्थान अंश-मिनिटांत लिहितात. मुंबईचा अक्षांश १८ अंश ५५.२ मिनिटं असा येतो. मिनिटांना साठने भागून तो १८.९२ होतो. पण आयात करणाऱ्या प्रोग्रामने ५५.२ ला थेट दशांश समजून १८.५५२ केला की बिंदू बावीस सागरी मैल दक्षिणेला जातो. नकाशावर हे सहज लक्षात येत नाही, कारण समुद्रात सगळीकडे पाणीच असतं. किनाऱ्याजवळ मात्र जहाज जमिनीवर चढलेलं दिसतं, तेव्हा शोध सुरू होतो.

याची कसोटी अशी. लागोपाठच्या दोन रिपोर्टांच्या स्थानांमधलं सगळ्यात कमी अंतर, म्हणजे ग्रेट सर्कल, काढा आणि जहाजाने कळवलेल्या अंतराशी ताडून बघा. कळवलेलं अंतर ग्रेट सर्कलपेक्षा कमी असूच शकत नाही. कमी आलं तर दोनातलं एक स्थान चुकलंय. मोकळ्या समुद्रात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. मलाक्का-सिंगापूरसारख्या वळणाच्या वाटेत फरक वाढतो, तो खरा असतो. त्या पट्ट्यांसाठी मर्यादा सैल ठेवावी लागते.

इंधनाचा आकडा

खरा पैसा इथे आहे आणि खरा गुंताही इथेच आहे.

पुष्कळ जहाजांवर फ्लो मीटर आकारमान मोजतो, वजन नाही. जड इंधन इंजिनाकडे जाताना तापवलेलं असतं, त्यामुळे ते फुगतं. समजा मीटरने दिवसात ३० घनमीटर दाखवले, इंधनाचं तापमान १२० अंश सेल्सिअस, आणि बंकर (जहाजात भरून घेतलेलं इंधन) डिलिव्हरी नोटवर १५ अंशांची घनता ०.९८५. दर अंशाला साधारण ०.०००६४ घनता कमी धरायची या नेहमीच्या ठोकताळ्याने १०५ अंशांना ०.०६७ वजा होतात. उरते ०.९१८. म्हणजे खरा खप साधारण २७.५ टन. तापमानाची दुरुस्ती न करता गुणाकार केला तर साडेएकोणतीस टन येतात. दिवसाला दोन टनांचा फरक, आणि तो फक्त एका गुणाकारातला. म्हणून मीटर कोणता आहे, तापमान कुठे घेतलं आणि घनता कुठल्या बंकरची वापरली, हे तीन रकाने रिपोर्टमध्ये हवेतच. नवीन बंकर वापरायला घेतला त्या दिवसापासून घनता बदलते. जुनीच चालू ठेवली की ग्राफमध्ये एक पायरी दिसते आणि लोक इंजिनात कारण शोधत बसतात.

आता आरओबी. कालचा आरओबी, अधिक बंकर, वजा खप बरोबर आजचा आरओबी, ही तपासणी प्रत्येक सिस्टममध्ये असते आणि जवळजवळ नेहमी बरोबर येते. त्यावर विसंबू नका. बहुतेक रिपोर्टांत आजचा आरओबी हा कालच्यातून खप वजा करूनच लिहिलेला असतो, त्यामुळे समीकरण जुळणारच. खरी तपासणी म्हणजे टाक्यांचं साउंडिंग, टाकीतल्या इंधनाची खोली प्रत्यक्ष मोजणं. ट्रिम (पुढच्या-मागच्या ड्राफ्टमधला फरक) आणि कललेपणाची दुरुस्ती करून, तापमान घेऊन केलेलं. ते बंदरात सर्व्हेच्या वेळी होतं. सर्व्हेत निघालेला आरओबी आणि रिपोर्टमधला आरओबी यांतला फरक वेगळ्या तक्त्यात नोंदवत चला. वर्षभरात त्या एका तक्त्यातून जे कळतं ते रोजच्या हजार आकड्यांतून कळत नाही.

फरक जास्तीचा निघतो, म्हणजे टाकीत कागदापेक्षा जास्त इंधन निघतं, तेव्हा बहुधा चीफ इंजिनिअरने थोडं राखून ठेवलेलं असतं. त्याची खूण रोजच्या रिपोर्टमध्येही दिसते. वारा तीनचा असो की सहाचा, खप २८.०, २८.०, २८.०. खऱ्या समुद्रात असं होत नाही. पण याला लबाडी म्हणून मोकळं होणं मला चुकीचं वाटतं. खराब हवामानात इंधन कमी पडलं तर जाब चीफला विचारला जातो, आणि खप एक टनाने वाढला की ऑफिसचा ईमेल येतो. या दोन्हींच्या मधे उभा असलेला माणूस थोडं इंधन राखून ठेवणारच. त्याची गरज कमी करायची असेल तर राखीव इंधनाचा आकडा उघडपणे ठरवून द्या आणि एका दिवसाच्या वाढीवर प्रश्न विचारणं थांबवा.

जहाजावर शाफ्ट पॉवर मीटर (प्रोपेलरच्या दांड्यावरची शक्ती मोजणारा) असेल तर भौतिकशास्त्राची कसोटी लावता येते. मेन इंजिन सरासरी ६,७०० किलोवॉटवर चोवीस तास चाललं आणि २८ टन जळालं, तर दर किलोवॉट-तासाला १७४ ग्रॅम. मोठ्या टू-स्ट्रोक डिझेलसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे. तो १४० आला तर असं इंजिन अस्तित्वात नाही, खप कमी लिहिला गेलाय किंवा पॉवर मीटरचा शून्य सरकलाय. २१५ आला तर एकतर इंजिन आजारी आहे किंवा खप जास्त लिहिलाय. दोन्हींवर वेगवेगळी माणसं कामाला लागतात, म्हणून हा आकडा रोज काढावा.

आणखी एक. व्हीएलएसएफओ (अगदी कमी सल्फरचं इंधन), गॅस ऑइल आणि स्क्रबर (धुरातला सल्फर धुणारं यंत्र) असलेल्या जहाजाचं जड इंधन यांचे टन थेट एकत्र मिळवू नका. आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) मार्गदर्शक तत्त्वांत जड इंधनाचं उष्मामूल्य किलोला ४०.२ मेगाजूल धरलंय, हलक्या फ्युएल ऑइलचं ४१.२, गॅस ऑइलचं ४२.७. एका इंधनात मोजून घ्या, मग तुलना करा. नाहीतर सल्फर नियंत्रणाच्या क्षेत्रात शिरून गॅस ऑइल सुरू केलं की जहाज अचानक कार्यक्षम झाल्यासारखं दिसतं.

चांगले दिवस निवडणं

साफ केलेल्या रिपोर्टांतले सगळे दिवस तुलनेला चालत नाहीत. वारा ब्युफोर्ट ४ पर्यंत, पूर्ण दिवस चाललेलं जहाज, आरपीएम स्थिर, आणि भरलेले-रिकामे ड्राफ्ट वेगळे. वाऱ्यासाठी फक्त जहाजाच्या नोंदीवर राहू नका. ब्रिजवर वारा ५ लिहिला जातो आणि चार्टररची वेदर कंपनी ४ म्हणते, इथूनच निम्मे वाद सुरू होतात. युरोपियन हवामान केंद्राचा ईआरए५ हा तासातासाचा, वाऱ्यांसाठी पाव आणि लाटांसाठी अर्ध्या अंशाच्या जाळ्यावरचा डेटा खुला आहे. जहाजाच्या वाटेवरचे वारे आणि लाटा त्यातून काढून दोन्ही रकाने शेजारी ठेवा.

आपल्याकडच्या पाण्याची एक अडचण इथे सांगायला हवी. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात नैऋत्य मोसमी वारे असतात. आखातातून जयगड किंवा मार्मागोव्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजाला जुलैत आठवडेच्या आठवडे 'चांगला दिवस' मिळत नाही. ज्या मॉडेलमध्ये गाळणी नाही ते या काळात तळ खराब झाल्याचा इशारा देतं. गाळणी आहे पण दिवसांची संख्या तपासलेली नाही, ते दोन दिवसांवरून निष्कर्ष काढतं. किमान किती चांगले दिवस असतील तरच आकडा दाखवायचा हे आधी ठरवा. मी दहाच्या खाली दाखवू नये म्हणेन. रिकामी जागा दिसली तरी चालेल.

प्रवाहाचंही तसंच. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत अगुल्हास प्रवाह नैऋत्येला वाहतो आणि त्याचा जोर कधीकधी चार-पाच नॉटपर्यंत जातो. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालणारी जहाजं या पाण्यातून जायला लागली. युरोपकडे जाताना जमिनीवरचा वेग, म्हणजे प्रवाह धरून जहाज प्रत्यक्ष जातं तो वेग, फुकट वाढतो, परत येताना त्याच पट्ट्यात राहिलं तर प्रवाह वेग खातो. म्हणून पाण्यातला वेग आणि जमिनीवरचा वेग असे दोन रकाने लागतात. पाण्यातला वेग देणारं लॉग उपकरण बऱ्याचदा कॅलिब्रेट केलेलं नसतं. शांत, प्रवाह नसलेल्या दिवशी दोन्ही वेगांत सतत ०.४ नॉटचा फरक राहत असेल तर दोष लॉगचा आहे.

स्लिप हा जुना, साधा आणि फार उपयोगी आकडा. प्रोपेलरचा पिच (एका फेरीत पुढे सरकायला हवं ते अंतर) ६ मीटर, आरपीएम ८०. तासाला ६ गुणिले ८० गुणिले ६० म्हणजे २८,८०० मीटर, अर्थात १५.५५ सागरी मैल. चोवीस तासांत ३७३. जहाज प्रत्यक्षात ३३६ मैल गेलं, तर स्लिप दहा टक्के. शांत हवेत, त्याच ड्राफ्टवर, हीच स्लिप महिन्यामहिन्याने दहावरून बारा, बारावरून चौदावर सरकत असेल तर तळ किंवा प्रोपेलर बोलतोय. ऋण स्लिप आली तर मागून प्रवाह आहे किंवा आरपीएम चुकीचे लिहिलेत. उष्ण पाण्यात नांगरावर दोन-तीन आठवडे उभं राहिलेलं जहाज निघाल्यावर स्लिपमध्ये पायरी दिसली तर आश्चर्य नको, शेवाळ आणि बार्नॅकल तेवढ्या दिवसांत धरतात. पाणबुड्या पाठवून तळ बघायचा की नाही, हा निर्णय याच रेषेवर घेता येतो.

सेन्सरवरून सतत डेटा येत असेल तर आयएसओ १९०३० हे मानक याच कामासाठी आहे. त्यात दर पंधरा सेकंदांना एक नोंद घेण्याची पद्धत सांगितली आहे. पण सेन्सर आले म्हणून नून रिपोर्ट बंद करू नका. ड्राफ्ट, माल, बंकर बदल हे माणूसच सांगतो.

हळू चालवायचं का

आता हे सगळं ज्यासाठी करायचं तो प्रश्न. इंजिनाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हा घातांक प्रत्येक जहाजाला आणि प्रत्येक वेगाला नेमका ३ नसतो, तो आपल्या साफ डेटातून काढायचा असतो. इथे ३ च धरतो.

३,०२४ मैलांचा प्रवास. १४ नॉटने ९ दिवस. मेन इंजिन २८ टन, जनरेटर ३ टन, दिवसाला ३१. एकूण २७९ टन. वेग १२.६ केला तर १० दिवस. मेन इंजिन २८ चे ०.७२९ पट, म्हणजे २०.४ टन, जनरेटर ३ च राहतो. दिवसाला २३.४, एकूण २३४ टन. ४५ टन वाचले, एक दिवस गेला. इंधन टनाला ६०० डॉलर धरलं तर २७,००० डॉलर. जहाजाचं दिवसाचं भाडं १५,००० डॉलर असेल तर हळू चालवणं फायद्याचं, ३०,००० असेल तर तोट्याचं. एकाच जहाजाचं, एकाच वाटेवरचं उत्तर बाजाराबरोबर बदलतं. डॅशबोर्डवर ठेवायचाच असेल तर हा तक्ता ठेवा, रोजच्या इंधनदराशी आणि भाड्याशी जोडलेला. जनरेटरचे तीन टन विसरू नका. तो खप दिवसांवर चालतो, वेगावर नाही, त्यामुळे फार हळू गेलं की मैलामागचा खप पुन्हा वाढायला लागतो.

प्रवास युरोपच्या बंदरात संपत असेल तर कार्बनही मोजावा लागतो. व्हीएलएसएफओसाठी ३.१५१ हा गुणक धरला तर ४५ टन इंधन म्हणजे साधारण १४२ टन कार्बन डायऑक्साइड. युरोपीय संघाच्या उत्सर्जन व्यापारात शिपिंग १ जानेवारी २०२४ पासून आलं. संघाबाहेरून येणाऱ्या प्रवासाचं निम्मं उत्सर्जन धरतात, आणि त्यातलं २०२४ चं ४० टक्के, २०२५ चं ७० टक्के, २०२६ पासून पूर्ण. म्हणजे २०२६ मध्ये वरच्या फरकाला टनामागे एक असे ७१ परवाने. त्यांची किंमत तक्त्यात आली की कधीकधी निर्णय पलटतो.

सीआयआय, म्हणजे जहाजाच्या कार्बन-तीव्रतेच्या ए ते ई अशा वार्षिक, रेटिंगचा हिशेबही नून रिपोर्टवरच उभा आहे. ५७,००० डेडवेटचं (माल-इंधनासकट टनांतली वहनक्षमता) बल्क कॅरियर, वर्षात ६०,००० मैल, ६,००० टन इंधन, पुन्हा ३.१५१ चाच गुणक. दर डेडवेट-मैलाला ५.५३ ग्रॅम. बल्क कॅरियरच्या सूत्राने या आकाराचा संदर्भ आकडा ५.२२ येतो. २०२५ ची ९ टक्के कपात करून ४.७५. त्याच्या १.०६ ते १.१८ पटीत डी रेटिंग, त्यापुढे ई. हे जहाज डी मध्ये आहे. ई साठी वर्षाला फक्त ९० टन जास्त इंधन पुरे, आणि नांगरावर दिवसाला ३ टन जळत असेल तर ९० टन म्हणजे ३० दिवसांची वाट पाहणं. अंतर शून्य, खप चालू. तीन वर्षं सलग डी किंवा एक वर्ष ई आलं की सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. जहाज कसं चालवलं यापेक्षा बंदराने किती थांबवलं यावर रेटिंग घसरू शकतं, आणि हे जानेवारीत नाही, ऑगस्टमध्ये कळायला हवं.

थांबण्याचे दिवस एआयएसवरून

वाट पाहण्याचे दिवस मोजायला एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख आणि स्थान रेडिओवरून आपोआप पाठवणारी यंत्रणा, चांगलं. क्लास ए उपकरण चालत्या जहाजावरून दर २ ते १० सेकंदांना स्थान पाठवतं, नांगरावर दर ३ मिनिटांनी. पण कच्चा डेटा घेतला की आधी गाळा. अक्षांश ९१, रेखांश १८१, वेग १०२.३, हेडिंग ५११ हे सगळे 'माहिती नाही' याचे संकेत आहेत, ते सरासरीत शिरले की वेगाचा आकडा बिघडतो. ड्राफ्ट आणि गंतव्य हाताने भरलेले असतात. माल उतरवल्यावरही ड्राफ्ट जुनाच राहतो. गंतव्याच्या वीस अक्षरांत काहीही येतं. लाल समुद्रातल्या हल्ल्यांच्या काळात जहाजांनी तिथे बंदराऐवजी 'सगळे खलाशी चिनी आहेत' असंही लिहिलं. पूर्व भूमध्य आणि आखातात जीपीएसमधल्या ढवळाढवळीमुळे जहाज विमानतळावर उभं असल्यासारखं दिसतं. दोन बिंदूंमधला वेग अशक्य निघाला तर तो बिंदू टाका.

जहाजाची ओळख एमएमएसआयने (रेडिओ उपकरणांसाठीचा क्रमांक) नको, तो झेंडा बदलला की बदलतो. आयएमओ क्रमांक कायम राहतो आणि तो तपासताही येतो. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करा, बेरजेचा शेवटचा अंक हाच सातवा अंक. ९०७४७२९ घ्या. ६३, ०, ३५, १६, २१, ४. बेरीज १३९, शेवटचा अंक ९. बरोबर.

मग नांगरवाड्याची सीमा नकाशावर आखायची, वेग अर्ध्या नॉटखाली असलेला काळ मोजायचा. मुंबई आणि न्हावा शेवा यांचा मुख्य चॅनल सामाईक आहे, त्यामुळे सीमा सैल आखली तर मुंबई बंदरात जाणारी जहाजं न्हावा शेव्याच्या प्रतीक्षेत मोजली जातात. जहाज शेवटी कुठल्या धक्क्याला लागलं ते बघून मगच थांबण्याचा काळ त्या बंदराच्या नावे टाका. आणि सरासरीऐवजी मध्यक वापरा. एकच जहाज कागदपत्रांत वीस दिवस अडकलं की सरासरीला अर्थ राहत नाही.

कंटेनर लाइनच्या वेळापत्रकांसाठी एकच सूचना. डिसेंबर २०२३ च्या आधीचे भारत-युरोप प्रवासाचे दिवस आणि नंतरचे एकाच मॉडेलमध्ये घालू नका. केपची वाट चार हजारांहून जास्त मैलांनी लांब आहे, ती वेगळी वाट म्हणूनच नोंदवा.

दुरुस्ती आणि परतफेड

कच्चा रिपोर्ट जसा आला तसा जपून ठेवा. दुरुस्त आकडे वेगळ्या तक्त्यात, शेजारी कोणी, कधी, का बदललं ते. वर्षाअखेर आयएमओच्या डेटा संकलनासाठी तपासणारा येतो तेव्हा, किंवा वेगाचा क्लेम लवादाकडे जातो तेव्हा, मूळ आकडा दाखवता आला नाही तर सगळी मेहनत संशयात येते. पॉवर बीआय असो की साधं एक्सेल, हा नियम सारखाच.

या सगळ्याचं मूळ जुनं आहे. मॅथ्यू फाँटेन मॉरी हा अमेरिकन नौदलातला लेफ्टनंट १८४२ मध्ये वॉशिंग्टनच्या नकाशे-उपकरणांच्या डेपोचा प्रमुख झाला. तिथे नौदलाच्या जहाजांची जुनी लॉगबुकं साठलेली होती. त्यांतून त्याने वारे आणि प्रवाह वेगळे काढले आणि १८४७ पासून त्यांचे नकाशे छापले. कॅप्टनांना ते नकाशे मोफत मिळत, बदल्यात आपल्या प्रवासाचा लॉग ठरलेल्या नमुन्यात लिहून पाठवायचा. १८५३ च्या ब्रसेल्स परिषदेत वेगवेगळ्या देशांनी एकसारखा नमुना मान्य केला. कॅप्टन काळजीने लिहीत, कारण लिहिलेलं त्यांच्याच कामाला परत येत होतं.

आज जहाजावरचा सेकंड मेट वर्षानुवर्षं रिपोर्ट पाठवतो आणि त्याला परत मिळतो तो फक्त 'कालचा रिपोर्ट दुरुस्त करून पाठवा' असा ईमेल. म्हणून प्रत्येक प्रवास संपला की एक पान जहाजावर पाठवा. त्यात गेल्या तीन प्रवासांची शांत हवेतली स्लिप, दर किलोवॉट-तासाचा खप, सर्व्हेतला आरओबी फरक, ब्रिजने नोंदवलेला वारा आणि ईआरए५ चा वारा शेजारीशेजारी, किती रिपोर्ट दुरुस्त करावे लागले आणि कोणत्या रकान्यात, आणि या प्रवासात वेग बदलून किती इंधन वाचलं. शेवटी दोन ओळी मोकळ्या ठेवा, चीफ इंजिनिअरच्या उत्तरासाठी. प्युरिफायर (इंधन साफ करणारं यंत्र) बदलला, फ्लो मीटरचा बायपास उघडा होता, फ्रीझर कंटेनर जास्त होते म्हणून दोन जनरेटर चालवले, ही माहिती तिथेच येते, आणि ती कुठल्याही सेन्सरमध्ये नसते.